रोजच्या धांवपळींत देवाचें स्मरण

मनुष्य ज्या गोष्टीचें वारंवार स्मरण करितो तिच्याकडेच त्याचें आयुष्य हळूहळू वळत जातें. हा नियम विद्येला लागू आहे, व्यापाराला लागू आहे आणि ख्रिस्ती जीवनालाही लागू आहे. "तुमचा देवावर विश्वास आहे काय?" असें कोणीं विचारिलें तर आपण लगेच "होय" म्हणूं, पण "काल दिवसभरांत त्याची आठवण कितीदां झाली?" असें विचारिलें तर उत्तर देण्यास थोडा वेळ लागेल. या दोन प्रश्नांमधील अंतर कमी कसें करावें, हाच आजच्या पाठाचा विषय आहे.

आपल्या कांदिवलींतील एखाद्या कुटुंबाचा दिवस डोळ्यांपुढें आणूं. पहांटे नळाला पाणी येतें तेव्हांपासून घरांत लगबग सुरू होते. वडिलांना चर्चगेटची गाडी गांठावयाची असते. गर्दीच्या वेळीं कांदिवलीला गाडींत पाय ठेवावयास मिळणें हेंच एक दिव्य, आणि पुढें पाऊण ते एक तास उभ्यानें प्रवास. आईला डबे भरावयाचे असतात, आणि पुष्कळ घरीं तिलाही कचेरी गांठावयाची असते. मुलांची शाळा, शाळेमागून क्लास, क्लासमागून गृहपाठ. सन २०२२ च्या एप्रिल महिन्यांत डहाणूकरवाडीपर्यंत मेट्रो सुरू झाली आणि प्रवासाची सोय वाढली; परंतु जो वेळ वांचला तो बहुतेकांच्या हातांतील मोबाईलनें केव्हांच खाऊन टाकिला. रात्रीं अंथरुणावर पडतांना प्रार्थनेची आठवण होते खरी, पण डोळे आधींच मिटलेले असतात.

कित्येकांना असें वाटतें कीं, देवापासून मन दूर नेणाऱ्या गोष्टी म्हणजे केवळ वाईट गोष्टी: खोटें बोलणें, व्यसन, वाईट संगत. या गोष्टी मन दूर नेतात यांत शंका नाहीं; पण त्या वाईट म्हणून ओळखूं तरी येतात, आणि ओळखलेल्या शत्रूपासून सावध राहतां येतें. अधिक कठीण प्रसंग चांगल्या कामांचा असतो. अभ्यास चांगला, घरकाम चांगलें, नोकरी प्रामाणिकपणें करणें चांगलें, मंडळीची सेवा तर फारच चांगली. पण हीं सर्व चांगलीं कामें मिळून मनाची सगळी जागा व्यापून बसतात, आणि ज्याच्यासाठीं तीं करावयाचीं त्याला मात्र उंबऱ्याबाहेर उभें राहावें लागतें. पेरणाऱ्याच्या दृष्टांतांत कांटेरी झुडपांत पडलेलें बीं उगवलें, वाढूंही लागलें. पण झुडपांनीं त्याची वाढ खुंटविली. त्या झुडपांत प्रभूनें संसाराच्या चिंतेचें नांव पहिलें घेतलें आहे.

या संबंधांत मार्था व मरीया या दोघी बहिणींची गोष्ट नीट वाचली पाहिजे. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांत ती आली आहे. प्रभु येशू त्यांच्या घरीं उतरला. मरीया त्याच्या चरणांपाशीं बसून त्याचें बोलणें ऐकत राहिली आणि मार्था पाहुणचाराच्या कामांत गढून गेली. शेवटीं तिला राहवेना. बहीण मला मदत करीत नाहीं, अशी तिनें पाहुण्यापाशींच तक्रार केली. प्रभूनें तिला जें सांगितलें त्यांत स्वयंपाकाचा दोष नाहीं. दोष दाखविला आहे तो तिच्या चिंतेचा व मनाच्या अस्वस्थतेचा. काम करतां करतां आपण चिडूं लागलों, दुसरा किती करितो याचा हिशेब मांडूं लागलों, म्हणजे समजावें कीं काम हातांतून मनांत शिरलें आणि मनांतून देव बाजूला सरला.

पण मार्थेची गोष्ट येथें संपत नाहीं. योहानकृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायांत बेथानी येथें प्रभूसाठीं केलेल्या आणखी एका भोजनाचें वर्णन आहे. तेथेंही मरीया प्रभूच्या चरणांपाशींच आहे, आणि मार्था? ती तेथेंही वाढीतच आहे. तिनें काम सोडिलें नाहीं. पण या वेळीं तिच्या तोंडीं तक्रारीचा एक शब्द नाहीं. या दोन भोजनांच्या दरम्यान तिचा भाऊ लाजर मरून पुन्हां जिवंत झाला होता, आणि प्रभु कोण आहे हें तिला उमगलें होतें. तीच मार्था, तेंच काम. पण मन पालटलेलें. आमच्या मतें ख्रिस्ती माणसानें शिकावयाचा धडा हाच आहे. काम टाकून पळावयाचें नाहीं. कामाच्या मध्यभागीं प्रभूला बसवावयाचें.

हा धडा आपल्या महाराष्ट्रांतील एका थोर स्त्रीच्या चरित्रांत स्पष्ट दिसतो. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरीं त्या संस्कृत शिकल्या. दुष्काळांत आईबाप गमावले. पुढें कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या देऊन गौरविलें. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेचा प्रवास करून परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईंत विधवांसाठीं 'शारदा सदन' उघडिलें, आणि पुढल्याच वर्षीं तें पुण्यास नेलें. विधवेला शिक्षण देणें हें त्या काळीं किती मोठें व किती धाडसाचें काम होतें, हें वाचकांस सांगावयास नको.

असें असून, १९०७ सालीं लिहिलेल्या आपल्या साक्षींत रमाबाई एक विलक्षण गोष्ट नमूद करितात. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांना उमगलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला खरा, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो अद्यापि मिळालेला नाहीं. हीं आठ वर्षें आळसांत गेलीं नव्हतीं. अभ्यास, ग्रंथलेखन, व्याख्यानें आणि दीनांची सेवा यांनीं तीं भरलेलीं होतीं. धर्माच्या कामांतही धर्माचा धनी नजरेआड होऊं शकतो, हें त्यांनीं निर्भयपणें लिहून ठेविलें.

आणि हें उमगल्यावर त्यांचें काम कमी झालें काय? उलट तें कितीतरी पटीनें वाढलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून शेंकडों अनाथ मुली व विधवा आणिल्या. पुणें जिल्ह्यांत केडगांव येथें 'मुक्ति सदन' उभें राहिलें. १९०० च्या सुमारास तेथें दोन हजारांच्या आसपास माणसें राहत होतीं. त्यांचें अन्न, वस्त्र, विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, अंध मुलींचें शिक्षण, हा सारा भार एका बाईच्या शिरावर होता. त्यांतच त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठींत संपूर्ण पवित्र शास्त्राचें भाषांतर चालविलें. १९२१ सालीं एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारली. तरी हातांतील काम त्यांनीं टाकिलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या, आणि १९२४ सालीं तें भाषांतर छापून प्रसिद्ध झालें. आपल्यापैकीं कोणाचाही दिवस रमाबाईंच्या दिवसाहून अधिक भरलेला नसेल. तेव्हां 'वेळ नाहीं' हें आपलें उत्तर पुरेसें नाहीं. उणीव वेळेची नसून वळण्याची आहे.

तर मग मनाला हें वळण कसें लावावें? पवित्र शास्त्रांत तीन सोप्या संवयी आढळतात.

पहिली संवय ठरलेल्या वेळेची. दानीएल हा परक्या राज्यांतील तीन मुख्य अधिकाऱ्यांपैकीं एक होता. म्हणजे कामाला तोटा नव्हता. तरी दिवसांतून तीन वेळां तो यरुशलेमेकडील खिडक्या उघडून गुडघे टेकीत असे. राजाज्ञेनें प्रार्थनेस बंदी झाली तेव्हांही तो पूर्वीप्रमाणेंच प्रार्थना करीत राहिला. यांतील 'पूर्वीप्रमाणें' हें महत्त्वाचें आहे. संकटाच्या दिवशीं संवय नव्यानें लागत नाहीं. आधींची लागलेली संवय त्या दिवशीं उपयोगीं पडते. साष्टींतील जुन्या ख्रिस्ती गांवठाणांत संध्याकाळची घंटा झाली कीं हातांतील काम थांबवून प्रार्थना करावयाची, आणि मग मुलांनीं वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घ्यावयाचा, अशी रीत होती. आज ती घंटा वाहनांच्या गोंगाटांत ऐकूं येत नसेल, तर घरोघरीं आपली घंटा ठरवावी. जो मोबाईल मन चोरतो त्यालाच गजर लावून हें काम सांगावें. नोकराला धन्याच्या सेवेस लावण्यांत गैर कांहीं नाहीं.

दुसरी संवय लहानशा प्रार्थनेची. नहेम्या हा अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार. "तुझी मागणी काय?" असें राजानें विचारिलें तेव्हां नहेम्यानें आधीं स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि मग राजाला उत्तर दिलें. प्रश्न व उत्तर यांच्यामध्यें एका श्वासाएवढाच अवकाश होता. पण तेवढा पुरला, कारण त्यापूर्वीं कित्येक महिने तो उपवास व प्रार्थना करीत आला होता. विद्यार्थ्यांनो, प्रश्नपत्रिका हातांत पडतांना, उलट बोलण्यास जीभ सरसावतांना, गाडींत चढतांना, असा एक श्वास देवाला देतां येईल. सतराव्या शतकांत पॅरिस शहरीं ब्रदर लॉरेन्स नांवाचा एक मठवासी होता. त्याला मठाच्या स्वयंपाकघरांत नेमिलें होतें, आणि त्या कामाची त्याला मुळींच आवड नव्हती. तरी भांड्यांच्या खडखडाटांतही देवाशीं बोलत राहण्याची संवय त्यानें स्वतःला लाविली. १६९१ सालीं तो वारला. त्याच्या मागें त्याचीं पत्रें व संभाषणें एकत्र छापलीं गेलीं, आणि आजही तीं जगभर वाचलीं जातात.

तिसरी संवय अडथळ्याकडे पाहण्याची. याईराची मुलगी मरणोन्मुख होती आणि प्रभु येशू त्याच्या घरीं निघाला होता. वाटेंत गर्दींतून एका आजारी स्त्रीनें त्याच्या वस्त्राला स्पर्श केला. प्रभु थांबला, तिला शोधून काढिलें, तिचें सर्व ऐकून घेतलें. लोकांच्या दृष्टीनें तो खोळंबा होता. प्रभूच्या दृष्टीनें ती एक लेकरूं होती. आपण अभ्यासाला बसलों असतां आजी पाणी मागते, धाकटा भाऊ गणित विचारितो, शेजारचे आजोबा चिठ्ठी वाचून दाखवावयास सांगतात. प्रत्येक वेळीं देवाची वाट अडते असें नाहीं. कधीं कधीं देव त्याच वाटेनें आपल्याकडे येत असतो.

"प्रार्थनेला बसलों कीं मन भटकतें, तेव्हां बसून उपयोग काय?" असें कांहीं विद्यार्थी विचारितात. त्यांनीं होकायंत्राची सुई पाहावी. गोराई-मनोरीच्या समुद्रांत होडी हेलकावे खाऊं लागली म्हणजे सुईही थरथरते. पण ती पुन्हां पुन्हां उत्तरेकडेच वळते. थरथरली म्हणून तिला कोणी समुद्रांत फेंकीत नाहीं. मन दहा वेळां भटकलें तर दहा वेळां शांतपणें परत आणावें. हें परत येणें हीसुद्धां प्रार्थनाच होय.

आतां पालकांशीं दोन शब्द. हल्लीं वरच्या वर्गांतील मुलांचे क्लास व सराव-परीक्षा पुष्कळदां रविवारीं सकाळींच ठेविल्या जातात, आणि उपासना कीं अभ्यास हा प्रश्न घरोघरीं उभा राहतो. आम्ही अभ्यासाला कमी लेखीत नाहीं. पण एका तासाच्या उपासनेनें किती गुण कमी होतील हें कोणालाही सांगतां येणार नाहीं. मात्र अडचण पडतांच आईबापांनीं प्रथम कोणती गोष्ट सोडून दिली, हें मूल अचूक पाहतें आणि जन्मभर लक्षांत ठेवितें. क्लासाची वेळ बदलून मागावी; तें न जमल्यास संध्याकाळच्या उपासनेस सर्वांनीं मिळून जावें; पण तो तास निमूटपणें गळूं देऊं नये. तसेंच रोज रात्रीं जेवणापूर्वीं पांच मिनिटें दूरदर्शन व मोबाईल बंद करून, एक लहानसा शास्त्रपाठ वाचून, सर्वांनीं एकत्र प्रार्थना करावी. पांचच मिनिटें, पण तीं चुकूं नयेत.

प्रिय विद्यार्थ्यांनो, उद्यांही पहांटे नळाला पाणी येईल, गाडीला गर्दी असेल, गृहपाठ असेल. दिवस बदलणार नाहीं. पण घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीं एक श्वास देवाकडे वळवा, दुपारीं डबा उघडतांना दुसरा, आणि दिवेलागणीला तिसरा. एवढ्यानें आरंभ करा. मार्थेप्रमाणें आपल्याही हातीं काम राहो, आणि मन मात्र प्रभूच्या चरणांपाशीं असो, हीच आमची तुम्हां सर्वांसाठीं प्रार्थना.