आजार रेड्याला, इंजेक्शन पखालीला

ब्रिस्टल मागे टाकलं की एम-५ मोटरवे क्लीव्हडनकडे उतरतो. त्या उतारावर एक लांबलचक बस आम्हाला ओलांडून गेली आणि आमच्यामागची कॅरव्हॅन शेपूट हलवायला लागली. उजव्या आरशात तिचा पांढरा कोपरा दिसला, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या. दर खेपेला जरा जास्तच. "अरे, मागे काय चाललंय?" बायकोने विचारलं. माझा पाय ब्रेककडे निघालाच होता. तो कसाबसा आवरला, ॲक्सिलरेटर सोडला आणि स्टीअरिंग सरळ धरून बसलो. पाच-सहा हेलकाव्यांनंतर ती शांत झाली. पुढच्या थांब्यावर दार उघडलं, तर इडलीपात्र एकीकडे, त्याचं झाकण दुसरीकडे आणि मधल्या वाटेत तांदळाचा सडा.

आम्ही लेस्टरला राहतो. इंग्लंडात भाड्याची खोली शोधण्यापेक्षा आपलं छोटं घरच मोटारीमागे ओढत न्यायची हौस आम्हाला इथल्या मित्रांमुळे लागली. माझा परवाना १९९७नंतरचा, म्हणजे मोठी कॅरव्हॅन ओढायला पूर्वी वेगळी परीक्षा द्यावी लागली असती. १६ डिसेंबर २०२१पासून ती अट गेली आणि ३,५०० किलोपर्यंतचं ओढायची मुभा मिळाली. अक्कल मात्र परवान्याबरोबर पोस्टाने येत नाही.

ती पहिली कॅरव्हॅन सिंगल ॲक्सल होती: एक आस, दोन चाकं. मी तडकाफडकी निदान केलं, दोन चाकांवर घर तोलायचं म्हणजे ते डुलणारच. महिन्याभरात ती मोडीच्या भावात देऊन ट्विन ॲक्सल आणली. विकणारा म्हणाला, "ही हलणार नाही." खरं सांगितलं त्याने. मोटरवेवर ती रुळावर असल्यासारखी येई. पण ती माझ्या ड्राइव्हवेतही हलणार नव्हती, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

पहिल्या संध्याकाळी तिला घरात घ्यायला निघालो. सिंगल असताना दोघं जण हँडल धरून तिला जागच्या जागी फिरवत होतो. एकच आस, त्यामुळे ती बैलगाडीसारखी आपल्याच चाकांभोवती वळते. ट्विनची चार चाकं वळताना एकमेकांशी भांडतात. पुढची जोडी एकीकडे फरपटते, मागची दुसरीकडे. चौघांनी खांदा लावला. टायर कुरकुरले, डांबरावर काळ्या कमानी उमटल्या, कॅरव्हॅन वीतभर सरकली. पावसाची भुरभुर सुरू झाली. मोटारीने मागे ढकलावी तर रस्ता अरुंद, समोर शेजाऱ्याचं कुंपण. दीड तासाने हार मानली. दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या आवारात जागा घेतली आणि दरमहा भाडं सुरू झालं.

माझी फजिती पाहून समोरचे निवृत्त गृहस्थ पुढच्या सहलीच्या आधी त्या आवारात आले. तीस वर्षं कॅरव्हॅन ओढलेला माणूस. हातात बाथरूमचा वजनकाटा आणि खुंटीएवढं लाकूड. सहलीचं सगळं सामान भरलेलं होतं. त्यांनी काटा जमिनीवर ठेवला, लाकूड उभं करून कॅरव्हॅनचा पुढचा हूक त्यावर टेकवला. काटा ४० किलोवर थांबला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सायकली कुठे लावल्यात?" मागे. तंबूची जड पिशवी? मागच्या न्हाणीत. पाण्याचा ४० लिटरचा पिंप? तोही मागे, भरलेला.

तेव्हा मला साताऱ्याकडचे आजोबा आठवले. बैलगाडीत पोती भरताना ते मागे वजन जास्त झालं की ओरडायचे, "गाडी उलाळ होतीय!" मागे जड झाली तर जू वर उचलतं, पुढे जड झाली तर बैलांच्या मानेवर बसतं. पोती पुढेमागे सरकवत ते जू हातानेच तोलून पाहत. कॅरव्हॅनमध्ये हुकावर येणारं हे वजन तिच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावं. माझी ट्विन भरल्यावर १,७०० किलोंची, म्हणजे निदान ८५ किलो हवेत, होते ४०. पहिली कॅरव्हॅनही मी अशीच भरली होती. वजन आसापासून जितकं लांब, तितका झोका मोठा. दोन आसांनी माझी चूक सुधारली नव्हती, नुसती झाकली होती. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, त्यातली गत.

घरी आल्यावर सगळं सामान एकेक करून काट्यावर ठेवलं. पहिल्या कॅरव्हॅनमध्ये १५० किलो नेता येत होते. आमचं भरलं २१० किलो. दोन कुकर आणि दहा किलो कणीक चार दिवसांच्या सहलीला कशाला लागतात, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

म्हणून कॅरव्हॅन घ्यायला निघणाऱ्यांना सांगतो, दुकानात जायच्या आधी तीन गोष्टी मोजा.

पहिली, मोटार. तिचं नुसतं स्वतःचं वजन बघा. इथला जुना सल्ला असा, की नवख्याने कॅरव्हॅनचं भरलेलं कमाल वजन मोटारीच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावं. माझी मोटार १,६०० किलोंची, म्हणजे मर्यादा १,३६० किलो. ट्विन १,७०० किलोंची होती. ओढायला कायद्याची हरकत नव्हती, पण शेपूट कुत्र्यापेक्षा मोठं झालं होतं. शिवाय मोटारीचा हूक किती भार सोसतो याचीही मर्यादा असते. माझ्या मोटारीची नेमकी ८५ किलो.

दुसरी, घरची जागा. नुसती लांबी-रुंदी नव्हे, आत वळायची जागा. कॅरव्हॅनची चाकं फिरवणारा मोटर मूव्हर बसवला तर काम हलकं होतं. पण ट्विनला भक्कम, शक्यतो चारही चाकांवरचा मूव्हर लागतो. त्याचे पैसे जास्त आणि त्याचं वजन तुमच्या सामानाच्या वाट्यातून जातं.

तिसरी, माणसं आणि सामान. सहा जणांचं कुटुंब, उन्हाळाभर एकाच ठिकाणी मुक्काम, दणकट मोटार आणि ऐसपैस जागा असेल, तर ट्विन जरूर घ्या. ती जास्त भार नेते, मोटरवेवर स्थिर असते, एखादा टायर फुटला तरी दुसरं चाक भार धरतं. आम्ही चौघं, दर वेळी नवं ठिकाण, डेव्हनच्या कुंपणांमधल्या चिंचोळ्या वाटा. आम्हाला सिंगलच बरी. फ्रान्सला जायचं असेल तर आधी विचारा: तिथल्या काही नगरपालिकांच्या कॅम्पसाइटवर दोन आसांच्या कॅरव्हॅनला प्रवेश नसतो.

आणि टायर. ट्विनला चार लागतात, आणि ते झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवर चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६चा २३वा आठवडा. पाच वर्षांनी बदला, सातच्या पुढे कधीच नको. सिंगलला तर हे दुप्पट लागू, कारण तिथे भार धरायला शेजारचं चाक नाही.

ट्विन तोट्यात विकली. आता पुन्हा सिंगल आहे. जड सामान खाली, आसाच्या वर, पिंप रिकामा, पाणी मुक्कामी भरायचं, सायकली मोटारीच्या टपावर, कुकर एक. निघायच्या सकाळी बायको न्हाणीतला काटा आणून देते, मी हूक टेकवतो. मागच्या खेपेला काटा ७८वर थांबला. "उलाळ नाही ना?" तिने विचारलं. सोलापूरच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या माझ्या बायकोला हा शब्द आता माझ्यापेक्षा आधी सुचतो.