खिसा सांभाळून प्रीमॉडर्न: काय करावे, काय टाळावे
(वर्धा जिल्ह्यातल्या मॅजिक खेळाडूंसाठी)

काय करावे

- फोर्थ एडिशन (1995) ते स्कर्ज (2003) या काळात निघालेलीच कार्डे घ्या. हा प्रकार तिथेच थांबतो, म्हणून आज घेतलेला डेक पुढच्या वर्षीही चालतो.

- बंदी यादी स्पर्धेच्या आठवड्यात पुन्हा वाचा. ब्रेनस्टॉर्म, नेक्रोपोटन्स, स्ट्रिप माइन यांना मज्जाव आहे, आणि यादी अधूनमधून बदलते.

- डेक एकच बांधा आणि वर्षभर तोच खेळा.

- सुरुवात एकरंगी डेकने करा. लाल बर्न, लाल गॉब्लिन किंवा हिरवा स्टॉम्पी यांना महागड्या लँडशिवायही दात असतात.

- बेसिक लँड बिनधास्त खेळा. समोरच्याच्या वेस्टलँडला तुमचा माउंटन फोडता येत नाही.

- लाल डेकमध्ये प्राइस ऑफ प्रोग्रेस चारही ठेवा. प्रत्येक नॉन-बेसिक लँडमागे दोन डॅमेज, म्हणजे ज्याने लँडवर जास्त पैसे घातले त्यालाच जास्त मार.

- फायरब्लास्ट शेवटच्या घावासाठी राखा. दोन माउंटन देऊन चार डॅमेज हा सौदा सामना संपवतानाच परवडतो.

- आधी कॉमन आणि अनकॉमन चार-चार पूर्ण करा. जॅकल पप, मॉग फॅनॅटिक, इन्सिनरेट हाती आले की डेक उभा राहतो, रेअर मागाहून येऊ द्या.

- नवी छपाई खुशाल घ्या. लायटनिंग बोल्ट 2010 सालच्या संचातला असला तरी चालतो, कारण ते कार्ड फोर्थ एडिशनमध्ये होते.

- सोनेरी किनारीची कार्डे चालतात का, ते आयोजकाला विचारा. 1997 ते 2004 च्या जागतिक स्पर्धेतल्या डेकची ही छपाई आहे, आणि मुभा असेल तर महाग कार्डांपर्यंत जाणारा हा सगळ्यात सरळ रस्ता.

- प्रॉक्सी किती चालतील, हे आधी लेखी विचारा; प्रीमॉडर्न कंपनीच्या अधिकृत प्रकारांत नाही, त्यामुळे नियम आयोजकाचा.

- प्रॉक्सी 63 × 88 मिलिमीटर मापाचीच छापा. झेरॉक्सवाल्याला ‘ॲक्चुअल साइझ’ सांगा, तो सवयीने ‘फिट टू पेज’ करतो आणि सगळी पाने वाया जातात.

- कापलेल्या कागदामागे जुनी बेसिक लँड घाला. नुसता कागद पिसताना हाताला लगेच कळतो.

- स्लीव्ह अपारदर्शक पाठीचे आणि एकाच पाकिटातले घ्या; डेकला 60, साइडबोर्डला 15, आणि चार-पाच फाटण्यासाठी.

- महाग कार्ड घेताना घड्याळजीचे भिंग जवळ ठेवा. पाठीवरच्या हिरव्या ठिपक्यात इंग्रजी ‘एल’च्या आकारात चार लाल बिंदू दिसले पाहिजेत.

- विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंचे, उन्हात काढलेले फोटो मागवा. ट्यूबलाइटखाली कडांचा पांढरेपणा लपतो.

- परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच भाव ठरवा. चौघांनी मिळून एकच पार्सल मागवा.

- जिल्ह्यातल्या जिल्ह्यात अदलाबदल करा. हिंगणघाट, पुलगाव, आर्वीत कुणाकडे जुना डबा पडून असेल तर आधी तिथे जा.

- चार मित्रांत एक सामाईक फाइल ठेवा, सोबत वही ठेवा. कोणते कार्ड कुणाचे आणि कुणाकडे, ते तारखेसह लिहा.

- कार्डे पाठवताना दोन पुठ्ठ्यांमध्ये घट्ट बसवून स्पीड पोस्टने पाठवा.

- कार्डावर छापलेला नव्हे, ओरॅकलमधला चालू मजकूर पाळा. आइस एजच्या पायरोब्लास्टवर ‘इंटरप्ट’ छापले आहे, तो आता साधा इन्स्टंट आहे.

- खेळ आजच्या नियमांनी खेळा. 2009 पासून डॅमेज स्टॅकवर जात नाही, त्यामुळे मॉग फॅनॅटिकने लढाईत मारायचे आणि मग त्याचाच बळी देऊन आणखी एक काढायचा, हा जुना डाव संपला. मना बर्नही त्याच वर्षी गेला.

- साइडबोर्डवर डेकइतकाच वेळ घाला. पायरोब्लास्ट, नॅचरलाइझ, ड्युरेस, टॉरमॉड्स क्रिप्ट ही स्वस्त कार्डे महाग डेकची झोप उडवतात.

- काळा रंग खेळत असाल तर एंजिनिअर्ड प्लेग बाळगा. गॉब्लिन आणि एल्फ कुठेही भेटतील.

- कोणते कार्ड काढून कोणते घालायचे, ते प्रत्येक प्रतिस्पर्ध्यासाठी कागदावर लिहून ठेवा. सामन्यातल्या दोन डावांमधल्या तीन मिनिटांत सुचत नाही.

- सराव कॉकट्रिस या ऑनलाइन प्रोग्रॅमवर करा. ते फुकट आहे आणि समोरचा खेळाडू वर्ध्यातच असावा लागत नाही.

- सेवाग्रामच्या मेडिकलच्या आणि हिंदी विश्वविद्यालयाच्या वसतिगृहांत चौकशी करा. बाहेरगावची मुले कधीकधी घरून डेक घेऊन आलेली असतात.

- मुलिगनचा वेगळा सराव करा. सात पत्ते उचला, ठेवायचे की टाकायचे ते ठरवा, पुन्हा पिसा. बर्नमध्ये एका लँडचा हात भुरळ घालतो.

- पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. बुटांच्या खोक्यातल्या चालतात.

- पुण्याची स्पर्धा असेल तर महाराष्ट्र एक्स्प्रेसचे स्लीपर तारीख कळताच काढा. तत्काळच्या जादा पैशात चार अनकॉमन येतात.

- नागपूरहून परतीची गाडी वर्ध्याला थांबते की सेवाग्रामला, ते तिकिटाआधी पाहा. रात्री दहानंतर मधला ऑटो प्रवेश फीपेक्षा महाग पडू शकतो.

काय टाळावे

- बूस्टर पाकिटे फोडू नका. जुनी परवडणार नाहीत, नव्यांत तुमच्या कामाचे फारसे काही निघणार नाही.

- रिझर्व्ह्ड लिस्टमधल्या कार्डांमागे धावू नका. ती पुन्हा न छापण्याचे वचन कंपनीने 1996 मध्ये दिले आहे, तेव्हा गेयाज क्रेडल, मॉक्स डायमंड, लायन्स आय डायमंड स्वस्त होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

- ज्या कार्डावर डेक उभा आहे तेच वगळून डेक बांधू नका. सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्टविना सर्व्हायव्हल डेक म्हणजे नुसती हिरवी गर्दी.

- ‘स्वस्तात मिळाले’ म्हणून दुसऱ्या रंगाची कार्डे घेऊ नका.

- कॉलेजच्या फीतून किंवा हप्त्यावर कार्डे घेऊ नका.

- बाजारभावाच्या निम्म्यात कुणी महाग कार्ड देत असेल तर घेऊ नका. ते बहुधा खोटे असते, क्वचित चोरीचे.

- खरे-खोटे पाहण्यासाठी कार्ड वाकवू नका. खरे निघाले तरी तुम्हीच त्याचा भाव पाडलात.

- प्रॉक्सी खरी म्हणून विकू नका, बदलू नका. यात गंमत वगैरे काही नाही, ही फसवणूक आहे.

- फॉइल कार्डे डेकमध्ये मिसळू नका. जुलैत ती कमानीसारखी वळतात आणि डेक कापताना बोट नेमके तिथेच जाते.

- जुने आणि नवे स्लीव्ह एकत्र करू नका. तुमच्या मनात पाप नसले तरी पत्ता ओळखू येतो.

- मे महिन्यात डेक दुचाकीच्या डिकीत ठेवू नका. पारा 45 च्या पुढे गेला की स्लीव्ह एकमेकांना चिकटतात.

- तर्री-पोहे टेबलावर आणू नका. तर्रीचा डाग स्लीव्हवरून पुसतो, कार्डावरून जात नाही.

- दुसऱ्याचा डेक न विचारता जोराने पिसू नका. रमीचे पत्ते पिसण्याचा हात इथे महागात पडतो.

- चाल परत मागू नका, सरावातसुद्धा. सवय स्पर्धेत तोंडावर येते.

- विचार करत बसू नका. फेरी साधारण 50 मिनिटांची असते, आणि बरोबरी बर्न डेकला पराभवासारखीच असते.

- समोरचा महाग डेक पाहून हात आखडू नका. त्याच्या लँडची किंमत त्याच्या वीस लाइफमध्ये भर घालत नाही.

- सराव न करता रात्रीतून दहा कार्डे बदलू नका; एका वेळी दोनच बदला.

- एका वाईट स्पर्धेनंतर डेक विकू नका; परत घ्यायला जाल तेव्हा भाव तोच नसेल.

- पैसे लावून खेळू नका; 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे, आणि ठाण्यात गॉब्लिन आणि गुलाम यांतला फरक समजावत बसावे लागेल. कार्डेच पणाला लावणारी अँटीची कार्डेही त्याच कारणाने घरी ठेवा. आइस एजचे ॲम्युलेट ऑफ क्वॉझ तसेही बंदी यादीत आहे.

- घरच्यांपासून खर्च लपवू नका, खर्चाची वही दाखवा.

- नागपूरला दुचाकीने निघालात तर समृद्धी महामार्गावर चढू नका; तिथे दुचाकीला बंदी आहे, आणि सेलू-बुटीबोरीचा जुना रस्ता वेळेत पोचवतो.