निघण्याआधीच पोहोचणारे विमान

हिवाळ्यातल्या एका शनिवारी सायंकाळी ५ वाजता टोकियोहून एक विमान निघते आणि पॅसिफिक महासागर ओलांडून लॉस एंजेलिसला उतरते. तेथे घड्याळात वाजलेले असतात सकाळचे १० आणि वार असतो तोच, शनिवार! मग विमान निघण्याच्या सात तास आधीच पोहोचले की काय? चला, हिशेब करून पाहू.

प्रथम अंतर. दोन्ही शहरे सुमारे ३५° उत्तर अक्षांशावर आहेत. त्यांच्या रेखांशांत १०२° चा फरक आहे. वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात दोघांना जोडणारी सरळ रेघ ३५° च्या अक्षवृत्तावरूनच जाते. या वाटेची लांबी भरते सुमारे ९,३०० कि.मी.

आता १०० सें.मी. परीघ असलेला पृथ्वीगोल घ्या. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० कि.मी., म्हणून येथे १ सें.मी. म्हणजे ४०० कि.मी. दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो २२ सें.मी. भरेल, म्हणजे ८,८०० कि.मी. वाट ५०० कि.मी.ने कमी झाली! मात्र दोरा वाटेत ४८° अक्षांशापर्यंत उत्तरेकडे चढलेला दिसेल. पृथ्वीच्या मध्यालाच आपला मध्य मानणाऱ्या वर्तुळाचा, म्हणजे बृहद्वृत्ताचा, हा कंस आहे. गोलावर सर्वांत जवळची वाट हीच.

आता वेळ. विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० कि.मी. धरू. सुमारे १० कि.मी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. जपानी शास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० नंतरच्या दशकात फुगे सोडून ते मोजले होते. वाऱ्याची मदत सरासरी ताशी १०० कि.मी. मानली, तर जाताना ८.८ तास आणि परतताना ११ तास लागतात. चढणे-उतरणे व धावपट्टीवरचा वेळ यांसाठी सुमारे एक तास मिळवला की झाले अंदाजे १० आणि १२ तास. म्हणूनच परतीच्या वेळी वैमानिक पुष्कळदा थोडी लांबची, पण कमी वाऱ्याची वाट धरतात.

राहिले घड्याळ. टोकियोची वेळ ग्रिनिचच्या ९ तास पुढे, तर लॉस एंजेलिसची हिवाळ्यात ८ तास मागे. एकूण फरक १७ तासांचा. टोकियोत शनिवारचे सायंकाळचे ५ वाजतात, तेव्हा लॉस एंजेलिसला शुक्रवारची मध्यरात्र संपून शनिवार नुकता लागत असतो. त्यात प्रवासाचे १० तास मिळवा : सकाळचे १०! वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना वार एकाने मागे गेला, एवढेच. प्रवाशांचे १० तास मात्र खर्च झालेच.

तुम्ही सोडवा :
१) लॉस एंजेलिसहून शनिवारी दुपारी १२ ला निघालेले विमान १२ तासांनी टोकियोला केव्हा पोहोचेल?
२) वारा मुळीच नसता, तर जाण्या-येण्याचे मिळून उड्डाणाचे तास किती झाले असते? वर आलेल्या ८.८ + ११ तासांशी ताडून पाहा. जाताना वाऱ्याने वाचवलेला वेळ येताना गमावलेल्या वेळेएवढा का भरत नाही?

(उत्तरे : १. रविवारी सायंकाळी ५ वाजता. २. सुमारे १९.६ तास, उलट वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते, म्हणून.)