आदल्या दिवसाची सिद्धता

पॅसिफिक महासागराच्या अफाट विस्तारात हवाई नावाचा एक द्वीपसमूह आहे. ज्वालामुखीच्या उद्रेकांतून जन्मलेली ही बेटे आज अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी एक राज्य म्हणून ओळखली जातात. त्यांतील ओआहू नावाच्या बेटावर १८ फेब्रुवारी १९७८ रोजी सकाळी पंधरा माणसे समुद्रकाठी उभी होती. प्रथम समुद्रात सुमारे ३.९ किलोमीटर पोहावयाचे, बाहेर येताच सायकलवर बसून १८० किलोमीटरची मजल मारावयाची आणि सायकल ठेवताच ४२ किलोमीटर १९५ मीटर धावावयाचे, असा त्यांचा बेत होता. पुण्याहून मुंबई सुमारे दीडशे किलोमीटरांवर आहे. यातील सायकलीचा टप्पाच तेवढा एकटा त्याहून मोठा, आणि तो तर मधला टप्पा!

या विलक्षण शर्यतीची कल्पना जॉन कॉलिन्स या नौदलातील अधिकाऱ्याची व त्यांच्या पत्नी ज्यूडी यांची. खेळाडूंमध्ये कणखर कोण, पोहणारा, धावणारा की सायकल चालविणारा, असा वाद त्या बेटावर चालला होता. पोहण्याची, सायकलीची आणि धावण्याची अशा तीन लांब पल्ल्यांच्या शर्यती तेथे आधीपासून होतच होत्या. त्या तिन्ही एकापुढे एक जोडाव्या आणि जो प्रथम येईल त्याला ‘आयर्नमॅन’ म्हणजे लोहपुरुष म्हणावे, अशी तोड कॉलिन्स यांनी काढली. तेच नाव पुढे शर्यतीला पडले. तीन क्रीडाप्रकारांच्या अशा शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात.

त्या पहिल्या शर्यतीत एक साधा नियम होता. प्रत्येक स्पर्धकाने आपले सोबती आपणच आणावयाचे आणि वाटेत लागणाऱ्या अन्नपाण्याची तरतूदही आपणच करावयाची. नियम किरकोळ दिसतो. परंतु शर्यतीचा निकाल त्यानेच फिरविला. सायकलीचा टप्पा संपवून जॉन डनबार नावाचा स्पर्धक सर्वांच्या आधी धावू लागला होता. त्याच्या अंगात बळ होते, मनात जिद्द होती. नव्हते ते फक्त पाणी. सोबत्यांजवळील साठा वाटेतच संपला आणि त्यांनी तहानेल्या डनबारला चक्क बिअर पाजली! बिअर हे मद्य. त्याने तहान भागत नाही आणि पाय मात्र अडखळतात. मागून येणाऱ्या गॉर्डन हॉलरने त्याला गाठले आणि ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत शर्यत जिंकली. डनबार सुमारे ३४ मिनिटांनी दुसरा आला. पंधरांपैकी बारा जणांनी शर्यत पुरी केली. सोबत्यांना दोष देणे सोपे आहे. पण किती पाणी लागेल याचा हिशेब आदल्या दिवशी घरी बसून करावयाचा असतो, भर उन्हात रस्त्यावर नव्हे.

१९८१ साली ही शर्यत ओआहूवरून हवाई नावाच्याच मोठ्या बेटावर, कोना या भागात नेण्यात आली. तेथील कैलुआ गावच्या धक्क्यापाशी पोहण्यास आरंभ होतो. पाणी उबदार आणि इतके नितळ असते की खालचे रंगीत मासे पोहणाऱ्याला दिसतात. सायकलीचा रस्ता मात्र याच्या अगदी उलट. दुतर्फा लाव्हारसाचे काळे, खडबडीत माळ पसरलेले. झाडाची सावली औषधालाही सापडत नाही. तापलेला काळा खडक खालून भाजतो आणि सूर्य वरून. सायकलस्वारांना उत्तरेकडील हावी या गावाजवळून परत फिरावे लागते. तेथे डोंगरावरून येणारा आडवा वारा इतका जोराचा असतो की सायकल सरळ धरणे हेच एक काम होऊन बसते.

अशा शर्यतीसाठी स्पर्धक अनेक महिने सराव करतात. आठवड्यामागून आठवडे ते अंतर वाढवीत नेतात. मात्र शेवटचे दोनतीन आठवडे उरले म्हणजे जाणते शिक्षक त्यांना सराव कमी करावयास सांगतात. हे ऐकून नवख्या स्पर्धकाला नवल वाटते. परीक्षा तोंडावर आली असता पुस्तक मिटावे काय? परंतु शरीराचा न्याय वेगळा आहे. श्रमाने स्नायू थकतात, त्यांत बारीक इजा होतात. त्या भरून येण्यास विश्रांती लागते आणि विश्रांतीतच ते अधिक बळकट होतात. भात, पोळी, बटाटे, केळी अशा पिष्टमय अन्नातून मिळणारी साखर शरीर ग्लायकोजेन या रूपाने स्नायूंत व यकृतात साठविते. शेवटच्या दिवसांत श्रम कमी केले म्हणजे हे कोठार भरते. भीतीपोटी आदल्या आठवड्यात लांबवर धावून येणारा स्पर्धक आपल्याच कोठाराला भोक पाडीत असतो.

आणि कोठार कितीही भरले तरी ते दिवसभर पुरत नाही. सतत जोराचे श्रम केल्यास काही तासांतच ते रिते होऊ लागते. मग पाय जड होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, साधा विचारही सुचेनासा होतो. म्हणून सायकलीवर असतानाच दर थोड्या वेळाने खावे लागते. भूक लागेपर्यंत थांबणे म्हणजे विहीर कोरडी पडल्यावर पोहरा शोधणे होय. ताशी साठ ग्रॅमच्या आसपास, आणि सवय असल्यास त्याहूनही अधिक, पिष्टमय पदार्थ किंवा साखर पोटात जावी असे साधारण मान आहे. घामाचे गणितही असेच. कडक उन्हात श्रम करणाऱ्याचा ताशी एक लिटर किंवा त्याहून अधिक घाम जातो, आणि घामाबरोबर मीठही जाते. येथे एक उलटा धोका आहे, तो पुष्कळांना ठाऊक नसतो. भीतीने नुसते पाणीच बेसुमार पीत राहिल्यास रक्तातील मिठाचे प्रमाण घटते. डोके गरगरते, मळमळते आणि प्रसंगी जिवावरही बेतते. सबब किती प्यावे, त्यात मीठ किती असावे, हे सरावाच्या दिवसांत वजन करून पाहतात. दोन तास सायकल चालविण्यापूर्वी व नंतर वजन केले आणि मध्ये प्यालेले पाणी हिशेबात धरले, की घाम किती गेला ते समजते. तराजूसारखा निःपक्षपाती गुरू दुसरा नाही.

हे कोठार रिते झाले म्हणजे काय होते, ते फेब्रुवारी १९८२ मध्ये कोना येथे सर्वांना दिसले. ज्यूली मॉस ही तेवीस वर्षांची विद्यार्थिनी स्त्रियांमध्ये आघाडीवर होती. शेवटची रेषा जवळ आली आणि तिचे पाय तिचे ऐकेनासे झाले. ती पडली, उठली, पुन्हा पडली. रेषा अगदी थोड्या अंतरावर उरली असता कॅथलीन मॅकार्टनी तिच्या बाजूने पुढे गेली आणि जिंकली. ज्यूली मात्र थांबली नाही. हाताच्या पंजांवर आणि गुडघ्यांवर रांगत ती रेषेपर्यंत गेली व २९ सेकंदांनी दुसरी आली. दूरचित्रवाणीवर ते दृश्य पाहून असंख्य लोक गहिवरले आणि या शर्यतीचे नाव जगभर झाले. तिच्या धैर्याचे जेवढे कौतुक करावे तेवढे थोडेच. तथापि जाणते स्पर्धक त्या दृश्याकडे आणखी एका दृष्टीने पाहतात. धैर्य पुरेपूर होते, शरीरातील इंधन संपले होते. आणि धैर्याला पायांच्या जागी गुडघे वापरावे लागले.

आता शर्यतीच्या आदल्या दिवसाकडे वळू. या दिवशी स्पर्धकाची सायकल आणि सामानाच्या पिशव्या ठरलेल्या जागी जमा कराव्या लागतात. एका पिशवीत सायकलीचे सामान असते: शिरस्त्राण, बूट, काळा चष्मा. दुसरीत धावण्याचे बूट, मोजे, टोपी. पिशवी भरताना अनुभवी माणूस घाई करीत नाही. तो खाली बसतो, डोळे मिटतो आणि उद्याचा क्रम मनात चालवून पाहतो: पाण्यातून बाहेर आलो, अंग ओले आहे, हात गारठले आहेत, पहिल्याने काय हाती लागले पाहिजे? शिरस्त्राण. ते डोक्यावर चढवून पट्टा लावल्यावाचून सायकलीला हात लावणे नियमाविरुद्ध आहे. म्हणजे ते सर्वांत वर. मोजे उलटे गुंडाळून ठेवले की ओल्या पायांवर ते चटकन चढतात. नवे बूट मात्र पिशवीत मुळीच नकोत. नव्या बुटांनी दहा किलोमीटरांत फोड येतात आणि उरलेले बत्तीस किलोमीटर प्रत्येक पावलाला त्यांची आठवण राहते. जे सरावात वापरले नाही ते शर्यतीत वापरावयाचे नाही, मग ते बूट असोत, कपडे असोत की एखादे नवे खाद्य असो. या खेळातील लोक हा दंडक वेदवाक्यासारखा पाळतात.

सायकल जमा करण्यापूर्वी तिची कसून तपासणी होते. साखळीला तेल दिले आहे ना, ब्रेक चाकाला घासत तर नाहीत, पंक्चर झाल्यास लागणारी नळी व पंप जागेवर आहेत ना, हे सारे पाहावे लागते. चाकांतील हवा थोडी कमी करून ठेवण्याची जुनी रीत आहे. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या सायकलीच्या तापलेल्या चाकांत ठासून भरलेली हवा एखादे वेळी नळी फोडते. हवा दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा भरता येते. त्यानंतर स्पर्धक पाण्यापासून आपल्या सायकलीपर्यंत चालत जाऊन वाट पाहून ठेवतो. शेकडो सायकली एकसारख्या ओळींत उभ्या असतात. दमलेल्या डोळ्यांना त्या सगळ्या सारख्याच दिसतात. कितवी ओळ, जवळ कोणता खांब, हे ध्यानात ठेवलेले बरे. घड्याळ चालू असताना आपलीच सायकल हुडकीत फिरणे यासारखी केविलवाणी स्थिती नाही!

वस्तूंची सिद्धता झाली म्हणजे मनाची उरते. पोहताना कोणाचा पाय लागून चष्मा निसटला तर? उताणे होऊन चार श्वास घ्यावयाचे, चष्मा सारखा करावयाचा. चाक पंक्चर झाले तर? उतरावयाचे, सात-आठ मिनिटे जातील असे मानून शांतपणे नळी बदलावयाची. पोट बिघडले तर? वेग कमी करावयाचा. ही उत्तरे आदल्या संध्याकाळी ठरलेली असली म्हणजे संकट आल्यावर नवा विचार करावा लागत नाही. त्यातही एक निश्चय सर्वांत अवघड असतो, तो म्हणजे आरंभी सावकाश जाण्याचा. सकाळी अंगात उत्साह मावत नाही, शेजारून माणसे पुढे जातात, आणि मागे राहणे मानी माणसाला अपमानास्पद वाटते. पण सायकलीवर पहिल्या तासात उधळलेले बळ धावताना दसपटीने परत मागितले जाते.

रात्री झोप नीट लागत नाही. त्याची कोणी फारशी काळजीही करीत नाही. त्याच्या आदल्या रात्रीची झोप पुरी झाली असली म्हणजे पुष्कळ. पहाटे अंधार असतानाच उठून, पाण्यात उतरण्यापूर्वी सुमारे तीन तास, सवयीचा फराळ करावयाचा. मानेला व काखांना मलम चोपडावयाचे, म्हणजे खारट पाण्याने कातडी सोलवटत नाही.

आपल्या देशात २०१९ साली गोव्यात पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर याच शर्यतीचे अर्धे रूप, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल व २१.१ किलोमीटर धावणे, योजिले गेले. अंतर निम्मे, परंतु ऑक्टोबरातील दमट उकाड्यात घामाचे गणित निम्मे होत नाही.

कोनाच्या शर्यतीला १७ तासांची मुदत असते. ती टळल्यावर रेषा ओलांडणाऱ्याचे नाव पुरी करणाऱ्यांत लागत नाही. जपानचे हिरोमु इनादा यांनी हा खेळ वयाच्या सत्तरीत आरंभिला. २०१५ साली, बयाऐंशी वर्षांचे असताना, ते कोनाच्या रेषेजवळ आले, कोसळले, पुन्हा उठले आणि रेषेपार गेले; पण मुदत अवघ्या काही सेकंदांपूर्वी संपली होती. १७ तासांच्या वाटचालीत काही सेकंद! बुटाची नाडी सोडविताना जातात तेवढे, टोपी पिशवीच्या तळाशी राहिली तर ती शोधताना जातात तेवढे. पुढील वर्षी ते पुन्हा कोनाला गेले आणि मुदतीच्या आत पोहोचले. त्यानंतर २०१८ साली, पंचाऐंशीव्या वर्षी, त्यांनी तीच शर्यत पुन्हा पुरी केली. त्या वयाच्या कोणीही तोवर तेथे ती पुरी केली नव्हती. त्या रात्री इनादा रेषेपाशी आले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक टाळ्या वाजवीत उभे होते आणि घड्याळ १६ तास ५३ मिनिटे ४९ सेकंद दाखवीत होते. मुदत संपण्यास अजून सहा मिनिटांचा अवकाश होता.