तेरा अंकांचा प्रश्न

विषय ठरला की संशोधनाचा प्रश्नही ठरला, या समजुतीची किंमत मी मोजली आहे. म्हणून नव्या अभ्यासकाला मी आधी विचारतो, तुमच्या प्रश्नाला कोणते कागद लागणार नाहीत? ‘पुण्यातील प्लेग आणि समाज’ असे वहीवर लिहिले, तर याचे उत्तर देता येत नाही. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग ओळखला गेला, पुढच्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा आला, पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोऱ्या शिपायांकडून घरतपासणी झाली, २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ‘परिणाम काय झाला’ एवढेच विचारत राहिलो, तर यातला प्रत्येक कागद कामाचा वाटतो. टिपणे वाढत जातात आणि लेखन सुरूच होत नाही.

त्याऐवजी असे विचारावे: मार्च ते मे १८९७ मध्ये घरतपासणीबद्दलच्या कोणत्या तक्रारी ‘केसरी’ने छापल्या, आणि देशी वृत्तपत्रांचे जे इंग्रजी सारांश सरकारसाठी तयार होत, त्यांत त्यातले काय उरले? ‘केसरी’ तेव्हा दर मंगळवारी निघणारे साप्ताहिक होते. या तीन महिन्यांत तेरा मंगळवार येतात. तेरा अंक एक माणूस ओळन्‌ओळ वाचू शकतो. आणि इथे साधनेच एकमेकांची झडती घेतात. सारांश करणारा सरकारला हवे ते उचलणार, संपादक वाचकाला भिडेल ते छापणार. दोघांतली तफावत हाच पुरावा. नुसते सारांश वाचून ‘मराठी लोकमत’ सांगणारा सरकारचेच कान उसने घेतो.

यावर आक्षेप येतो की अशाने संशोधन लहान होते, मोठे चित्र हवे असेल तर आकडे घ्यावेत. आकड्यांचा मोह मला समजतो. पण १८९१ आणि १९०१ च्या खानेसुमारीतली तफावत प्लेगच्या खाती टाकता येत नाही. मधल्या दहा वर्षांत दोन मोठे दुष्काळ पडले, आणि साथीच्या भीतीने लोक शहर सोडून जात. तपासणीच्या धास्तीने आजारी माणसे लपवली जात, तिथे मृत्यूच्या नोंदीही पुऱ्या मानता येत नाहीत. खानेसुमारी डोकी मोजते. माणूस का नाहीसा झाला हे तिला विचारून उपयोग नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: या प्रश्नातून सावित्रीबाई फुले सुटतात. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्या १० मार्च १८९७ रोजी वारल्या, आणि माझ्या तेरा अंकांच्या चौकटीत त्यांचे काम मावत नाही. हे मी प्रस्तावनेतच लिहीन. त्यांच्या कामासाठी वेगळा प्रश्न मांडावा लागेल, आणि ‘केसरी’ बाजूला ठेवून सत्यशोधक चळवळीतल्या लिखाणापासून सुरुवात करावी लागेल.