शेवटची तारीख आणि सॅटचे गुण

प्रश्न: लेकीच्या अमेरिकेतील अर्जांची मुदत १ जानेवारीला संपते. गुण पाठवले, पण कॉलेजच्या पोर्टलवर ते दिसत नाहीत. अर्ज बाद होईल का?

उत्तर: लगेच धास्ती नको. सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडून आलेले गुण अर्जाशी जुळवायला कॉलेजला वेळ लागतो. वडिलांचे नाव सॅटच्या नोंदणीत आहे, अर्जात नाही, असे झाले तर घोळ वाढतो. ते आधी तपासावे.

येल आणि एमआयटी अर्जात स्वतः भरलेले गुण चालवून घेतात. अधिकृत अहवाल प्रवेश पक्का झाल्यावर लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठ तर प्रवेश देताना सॅट पाहतच नाही. अशा ठिकाणी तातडीचे जादा शुल्क भरणे म्हणजे पैसे वाया!

शुल्काचेच म्हणाल तर, परीक्षेनंतर ९ दिवसांपर्यंत ४ अहवाल मोफत पाठवता येतात.

सध्या मुलीने प्रत्येक कॉलेजचा नियम वाचावा आणि गुण पाठवल्याची पावती जोडून प्रवेश कार्यालयाला आजच ईमेल करावा.