पंचवीस रुपयांचं ताट, दहा हजारांची दुर्बीण

माझ्या मामांना शौचातून रक्त जायचं. मूळव्याध आहे, असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि घरातल्या सगळ्यांनी ते मान्यही केलं. दीड वर्ष सुरणाची भाजी, ताक आणि कुणीकुणी सांगितलेल्या पुड्या चालू होत्या. हिमोग्लोबिन सातवर आलं तेव्हा कुठे कोलोनोस्कोपी झाली आणि मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. मामा तेव्हा ४८ वर्षांचे होते. त्या पुड्यांचा खर्च मी नंतर मामींच्या वहीतून बेरीज करून काढला. बारा हजारांच्या वर गेला होता. तेवढ्या पैशात दुर्बिणीची तपासणी कधीच होऊन गेली असती.

घरगुती उपाय खोटे आहेत, असं मला मुळीच म्हणायचं नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी करण्यात रोजच्या ताटाचा वाटा मोठा आहे आणि ते ताट महागही नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळं खायला सांगते. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम तंतू असतात, नाचणीत ११ आणि पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम तीन. दोन मध्यम भाकऱ्यांना १२० ग्रॅम पीठ लागतं. मूठभर मटकीची उसळ आणि एक पेरू जोडला की २५ चा आकडा जवळपास गाठला जातो. पीठ आठ-नऊ रुपयांचं, मटकी पाचाची, पेरू दहाचा. गावागणिक दोन-चार रुपये इकडेतिकडे होतील, एवढंच. त्यासाठी ‘फायबर’ लिहिलेला सहाशे रुपयांचा डबा घ्यायची गरज नाही. बद्धकोष्ठ असेल तर साधा इसबगोल पुरतो, पण भरपूर पाण्याबरोबर.

दारू, विडी-सिगारेट आणि पोटावरची चरबी हा धोका वाढवतात. सॉसेज, सलामीसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये निश्चित कर्करोगकारक म्हटलं आहे. या गोष्टी सोडायला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात.

मात्र आतड्याच्या अस्तरावर एकदा पॉलिप, म्हणजे छोटा मांसल उंचवटा, उगवला की कुठल्याही काढ्याने तो झडत नाही. पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात, आणि हाच आपल्या हातातला अवधी. या काळात दुर्बिणीतून पॉलिप काढला की पुढचा कॅन्सरच टळतो. सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख अशा तीन कॅन्सरची चाचणी होते, मोठ्या आतड्याची नाही. तेव्हा ती आपणच मागायची. त्रास काहीच नसेल तर वयाच्या ४५-५० पासून दरवर्षी शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी ‘फिट’ चाचणी करता येते. खाजगी लॅबमध्ये ती साधारण ५०० ते १,५०० रुपयांत होते. रक्त दिसत असेल, शौचाची सवय काही आठवड्यांपासून बदलली असेल, वजन किंवा हिमोग्लोबिन कारणाशिवाय उतरलं असेल, तर फिटवर थांबू नका. थेट पोटविकारतज्ज्ञाकडे जा.

खाजगी रुग्णालयात कोलोनोस्कोपीला साधारण ६,००० ते १५,००० रुपये लागतात, मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयांत त्याहून जास्त. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत फार कमी, पण तारीख उशिरा मिळते. फोनवर नुसता दर विचारून भागत नाही. भूल, दिवसभराचा बेड, पॉलिप निघाला तर तो काढणं आणि बायोप्सी त्यात धरली आहे का, हे एकेक करून विचारा. बिल फुगतं ते इथेच. विमा असेल तर नुसत्या तपासणीचे पैसे मिळतात का, हे आधी लेखी घ्या. जुन्या करप्रणालीत प्रतिबंधक तपासणीसाठी ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते.

तयारी नीट झाली नाही तर सगळा खर्च वाया जातो. दोन-तीन दिवस आधीपासून पेरू, अंजीर, टोमॅटो, तीळ असं बियांचं खाणं बंद. आदल्या दिवशी शहाळ्याचं पाणी, गाळलेलं सूप चालतं. कोकम सरबत आणि बीट मात्र नको, त्यांचा लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो. लोहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा, मनाने बंद करू नका.

निदान झालंच, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन, अ‍ॅडव्हान्स भरण्याआधी, योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. चौकशीचा क्रमांक १५५३८८.

उपचार चालू असताना घरचं खाणं हा मोठा आधार असतो, पण तेव्हाचे नियम वेगळे. शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला मऊ भात, मुगाचं वरण, पेज. तंतू हळूहळू वाढवायचे. जुलाब झाले तर ओआरएस. मामांच्या केमोत ऑक्झॅलिप्लॅटिन होतं. फ्रिजमधली दुधाची पिशवी हातात घेतली की बोटांत सुया टोचायच्या. मग मामींनी त्यांच्यासाठी पाणीसुद्धा कोमट ठेवायला सुरुवात केली. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना गव्हांकुराचा कच्चा रस, न शिजवलेली कोशिंबीर नको, संसर्गाची भीती असते. फोडणीतली हळद चालते. पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल किंवा गुळवेलीचा रोजचा काढा केमोच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आणि ‘कॅन्सर बरा करतो’ अशी औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्यानेच बेकायदा आहे. ती दिसली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

उपचारानंतरच्या उपायांत मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो चालणं. आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. केमोनंतर तीन वर्षं शिस्तीत व्यायाम करून घेतलेल्या गटात पाच वर्षांनी ८० टक्के रुग्ण रोगमुक्त होते, नुसती माहितीपत्रकं दिलेल्या गटात ७४ टक्के. एका बुटाच्या जोडाचा खर्च. डॉक्टरांची परवानगी मिळाल्यापासून मामा रोज संध्याकाळी पाऊण तास झपाझप चालतात, पावसाळ्यात जिन्यावर.

आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर पहिली दुर्बीण चाळिसाव्या वर्षी किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा. म्हणून माझ्या मामेभावाची ३८ व्या वर्षी झाली. त्याला काहीच त्रास नव्हता. एक छोटा पॉलिप निघाला, तिथेच काढला. बिल ११,४०० रुपये, पॉलिप काढणं आणि बायोप्सी धरून.